शिकारीच्या जमिनीसाठी गोल्फ कार्ट: इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोलची?

अमेरिकेतल्या अटलांटासारख्या शहरापासून तास-दोन तासांवर पाइनचं रान विकत घेतलं किंवा शिकारीच्या लीजवर घेतलं, की पहिल्याच हंगामात एक प्रश्न समोर येतो. पहाटेच्या अंधारात मचाणापर्यंत जायचं कसं, आणि हरीण मिळालं तर ते गेटपर्यंत आणायचं कसं? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हा विषय इथे येऊनच कळतो. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांची शिकार परवाना, हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या यांच्या चौकटीत चालते. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून बंदुकीचा, आणि तो जानेवारीपर्यंत जातो. म्हणजे कार्ट उकाड्यातही चालवायची आणि दंव पडलेल्या सकाळीही.

दुकानात गेलात की विक्रेता रंग, सीट आणि साउंड सिस्टीम दाखवतो. त्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: जमिनीवर वीज आहे का, चढ आणि चिखल किती आहे, आणि हंगाम संपल्यावरचे सात-आठ महिने कार्टकडे कोण बघणार. माझ्या मते इलेक्ट्रिक की पेट्रोल याचं उत्तर या तिघांतच आहे. कंपनी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा.

पायरी १: जमीन पायाखालून घाला

फोनवर जीपीएसचं ॲप सुरू करा आणि एक अख्खा दिवस जमिनीत काढा. गेट ते केबिन, केबिन ते प्रत्येक मचाण, तिथून फूड प्लॉट (हरणांसाठी पेरलेला चाऱ्याचा तुकडा), मग ट्रेल कॅमेऱ्यांची (झाडांना बांधलेल्या, जनावर दिसताच फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांची) फेरी, असं सगळं अंतर मैलांत लिहून ठेवा. साठ-सत्तर एकरांत सकाळ-संध्याकाळ मचाणावर जाणं-येणं आणि दुपारची एक फेरी धरली, तरी दिवसाचा हिशेब सहसा तीन-चार मैलांपुढे जात नाही. चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या मोठ्या लीजवर तोच आकडा दहा-बारावर जाऊ शकतो.

आता बॅटरीचा हिशेब. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतील, तर कागदावर साधारण ८ युनिट वीज असते. बॅटऱ्या टिकवायच्या असतील तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी ४ युनिट. कडक, सपाट रस्त्यावर मैलाला साधारण ०.२ युनिट खर्च होतं. गवत, वाळू, चढ आणि मागे लादलेलं सामान असेल तर मी दुप्पट धरतो. त्या हिशेबाने एका चार्जमध्ये दहा मैल. पारा शून्य अंश सेल्सिअसजवळ उतरला की लेड-ॲसिडची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, मग उरले आठ. तुमचा रोजचा आकडा चार मैलांचा असेल तर इलेक्ट्रिकला भरपूर वाव आहे. दहा-बारा मैलांचा असेल तर लेड-ॲसिडचा विचार सोडा. मग लिथियम किंवा पेट्रोल.

चढ मोजायलाही विसरू नका. फोनमधलं उतारमापक पुरतं. लांबलचक चढावर इलेक्ट्रिक कार्टचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) तापतो, आणि जुन्या ३६ व्होल्टच्या कार्ट तिथेच दम टाकतात. उताराचा प्रश्न वेगळा. जुन्या सिरीज मोटरच्या कार्ट उतारावर मोकाट सुटतात, सगळी भिस्त ब्रेकवर. एसी मोटरच्या नव्या कार्ट मोटरनेच वेग धरून ठेवतात आणि थोडी वीज परत बॅटरीत घालतात. जमिनीत खोल ओहोळ असेल आणि त्यात उतरून पलीकडे चढायचं असेल, तर इलेक्ट्रिकमध्ये एसी मोटरच घ्या. यात मी तडजोड करणार नाही.

पायरी २: वीज कुठून येणार ते आधी ठरवा

केबिनमध्ये किंवा शेडमध्ये घरगुती १२० व्होल्टचं सॉकेट असेल, तर इलेक्ट्रिकचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. रात्री लावा, सकाळी काढा. एक्स्टेंशन कॉर्ड मात्र जाड तारेची घ्या. लांब आणि बारीक कॉर्ड तापते.

वीज नसेल तर तीन मार्ग उरतात. पहिला, कार्ट ट्रेलरवर घालून दर वेळी घरी नेणं. शनिवार-रविवारपुरतं जाणाऱ्यांना हे जमतं आणि कार्ट चोरीला जायची भीतीही राहत नाही. दुसरा, जनरेटर. कार्टचा चार्जर साधारण हजार-बाराशे वॅट ओढतो, म्हणजे २००० वॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. पण तो काही तास चालवावा लागतो, म्हणून दुपारी आणि केबिनजवळच चालवा. पेट्रोल जाळूनच चार्ज करायचं तर इलेक्ट्रिक कशाला, असं कुणीही विचारेल. आवाज कुठल्या वेळी आणि कुठे करायचा हे तुमच्या हातात राहतं, हा त्यातला फायदा. पहाटे पाचला मचाणाखाली इंजिन सुरू करणं वेगळं आणि भर दुपारी अर्ध्या मैलावर जनरेटर लावणं वेगळं.

तिसरा मार्ग सौर पॅनलचा, आणि आठवड्याच्या शेवटीच जाणाऱ्यांसाठी मला तो सगळ्यांत आवडतो. ४०० वॅटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देतं. रविवारी संध्याकाळी निम्मी रिकामी झालेली कार्ट शुक्रवारपर्यंत भरलेली मिळते. त्यासाठी ४८ व्होल्टची बॅटरी भरू शकणारा बूस्ट प्रकारचा सोलर कंट्रोलर लागतो. आरव्हीवरचा (राहण्याची सोय असलेल्या मोटारीवरचा) साधा १२ व्होल्टचा चालत नाही. पॅनल उंच पाइनच्या सावलीत लावलं तर मात्र सगळं मुसळ केरात.

पायरी ३: आवाज आणि वास

इलेक्ट्रिक कार्ट शांत असते हे खरं, पण ती मुकी नसते. पेडल दाबताच सोलेनॉइड (मोटरची वीज जोडणारा स्विच) टकटकतो. पार्किंग ब्रेक सुटतो तेव्हा पेडल खाटकन वर येतं, आणि स्थिर हवेत तो आवाज लांबपर्यंत जातो. रिव्हर्स टाकला की बझर ओरडायला लागतो. मचाणाजवळ वळवून लावताना एवढा एक बझर पहाटेची सगळी मेहनत पाण्यात घालतो. म्हणून रानात तो बंद करता येईल असा स्विच बसवून घ्या, आणि वस्तीत किंवा मुलं आसपास असताना तो आठवणीने सुरू ठेवा. मागच्या ट्रेमधली साखळी, कूलरचं झाकण, लोखंडी शिडी हे सगळं जुन्या सतरंजीत गुंडाळून बांधा. वाळक्या ओकच्या पानांवरून चाकं गेली की जो चुरचुराट होतो, त्यावर कुठल्याच मोटरचा इलाज नाही. तिथे उन्हाळ्यातच वाट झाडून-कापून ठेवावी लागते.

पेट्रोलच्या बहुतेक गोल्फ कार्टमध्ये पेडल दाबलं की स्टार्टर-जनरेटर इंजिन फिरवतो आणि पेडल सोडलं की इंजिन बंद पडतं. थांबलात की शांतता मिळते, पण फाटक उघडायला उतरून पुन्हा बसलात की पुन्हा तोच धक्का आणि घरघर. इंधन इंजेक्शनची अलीकडची इंजिनं जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांपेक्षा बरीच शांत आहेत. यामाहाचं क्वायटेक मॉडेल तर त्याच गुणावर विकलं जातं. जुनी पेट्रोल कार्ट ऐकून मत बनवू नका. नवी चालवून बघा, आणि कुणाला तरी शंभर यार्डांवर उभं करून ऐकायला सांगा.

हरीण अनोळखी आणि अचानक आवाजाने बिचकतं. जिथे ट्रॅक्टर रोज फिरतो तिथली हरणं गाडीच्या आवाजाला तितकी दचकत नाहीत. गाडी थांबली आणि माणूस उतरून चालायला लागला, की कान टवकारतात. वासाचं मात्र तसं नाही. व्हाइटटेल हरणाची राखण त्याच्या नाकावर असते. डब्यातून पेट्रोल ओतताना बुटाच्या तळाला लागलेला थेंब तुमच्याबरोबर मचाणाच्या पायथ्यापर्यंत येतो. पेट्रोल कार्ट घेतलीत तर इंधन आदल्या संध्याकाळी, हातमोजे घालून आणि वेगळे बूट घालून भरा. कार्ट वाऱ्याच्या खालच्या अंगाला तीनशे-चारशे यार्डांवर ठेवा आणि उरलेलं अंतर पायी जा. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हरीण वीस-तीस यार्डांत यावं लागतं, म्हणून त्याच्यासाठी इलेक्ट्रिकचं पारडं जड आहे. दीडशे यार्डांवरून रायफल चालवणाऱ्याला हा फरक एवढा जाणवणार नाही.

पायरी ४: ओझं आणि चिखल

बहुतेक दोन सीटच्या कार्टची एकूण भारक्षमता माणसांसकट ८०० पौंडांच्या आसपास असते. दोन धडधाकट माणसं, एक हरीण, मक्याच्या दोन गोण्या आणि एक शिडी एवढ्यात ती भरते. लेड-ॲसिडच्या सहा बॅटऱ्यांचं वजनच पावणेचारशे पौंडांच्या घरात जातं. ओल्या जमिनीत रुतायला तेवढं पुरतं. लिथियम बॅटरी साधारण शंभर पौंडांत येते, आणि मऊ जमिनीत हा फरक लगेच जाणवतो.

गोल्फ कार्ट मुळात हिरवळीवर चालण्यासाठी बनलेली आहे. मागच्या दोन चाकांनाच जोर मिळतो आणि खालची मोकळी जागाही कमी. जॉर्जियाची लाल माती पावसानंतर अशी निसरडी होते की दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या कार्टची चाकं सपाटीवरही जागच्या जागी फिरतात. तुमच्या वाटेत ओहोळ, दलदल किंवा लाल मातीचा खडा चढ असेल, तर इलेक्ट्रिक-पेट्रोलचा वाद बाजूला ठेवा आणि चार चाकांना जोर देणारी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली, खडबडीत रानासाठी बनवलेली छोटी गाडी) घ्या. त्यातही इलेक्ट्रिक पर्याय आहे. पोलारिसने २०२१ च्या अखेरीस जाहीर केलेली रेंजर एक्सपी कायनेटिक ११० अश्वशक्तीची आहे आणि १४.९ किंवा २९.८ युनिटच्या बॅटरीसह आली. पण जाहीर झाली तेव्हाच तिची किंमत सुमारे २५,००० डॉलरांपासून सुरू होत होती. साठ एकरांच्या हौसेला तो खर्च झेपेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पायरी ५: आता निवडा

सॉकेट आहे, रोजचं अंतर आठ मैलांच्या आत आहे आणि जमीन फारशी चढाची नाही: इलेक्ट्रिक घ्या. बजेट जमत असेल तर पहिल्यापासून लिथियम. लेड-ॲसिडचा संच साधारण हजार-दीड हजार डॉलरांना येतो आणि नीट निगा राखली तर चार-सहा वर्षं जातो. लिथियमला दोन-तीन हजार लागतात, पण ती जास्त वर्षं चालते, पाणी मागत नाही आणि साठवलेली जवळजवळ सगळी वीज वापरू देते. एक अट आहे. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतली यंत्रणा स्वतःच चार्जिंग थांबवते. जॉर्जियात हे क्वचित आडवं येतं, पण मिशिगन किंवा विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातच येऊ शकतं. तिकडे हीटर असलेलीच बॅटरी घ्या.

वीज नाही, सौर पॅनलला मोकळं आकाश नाही, लीज मोठी आहे, चार जण एकच कार्ट आलटून पालटून वापरणार आहेत: पेट्रोल घ्या. टाकीत साधारण सहा गॅलन मावतात आणि तेवढ्यात हंगामाचा मोठा हिस्सा निघतो. ऐन वेळी संपलंच तर डबा ओतला की निघालात. इलेक्ट्रिक रानात बंद पडली तर ती ओढूनच आणावी लागते.

पायरी ६: जुनी घेताना

जॉर्जियात राहणाऱ्याला जुन्या कार्टची कमतरता नाही. कार्ट बनवणाऱ्या क्लब कार आणि ई-झेड-गो या दोन्ही कंपन्या ऑगस्टा शहराच्या परिसरातल्या, यामाहाच्या कार्ट न्यूननमध्ये बनतात, आणि पीचट्री सिटीत तर कार्टसाठीच साधारण १०० मैलांच्या वाटा आहेत. गोल्फ क्लब आपल्या कार्ट काही वर्षांनी बदलतात, आणि त्या बाजारात चार ते सहा हजार डॉलरांच्या दरम्यान सापडतात.

इलेक्ट्रिक बघायला जाताना मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायला) आणि हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायला) खिशात ठेवा. सीट उचला. बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा लेबलवर तारखेची खूण असते. ट्रोजनच्या बॅटरीवर एक इंग्रजी अक्षर महिन्याचं आणि एक आकडा वर्षाचा असतो. सगळ्या बॅटऱ्या एकाच वयाच्या आहेत ना? पाच जुन्या आणि एक नवी दिसली तर बाकीच्याही थकलेल्या असणार. पूर्ण चार्ज होऊन काही तास उभ्या असलेल्या ४८ व्होल्टच्या संचात ५१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, ३६ व्होल्टच्या संचात ३८ च्या थोडे वर. हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान यावी. एखादी सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी गेली. मग मालकाला चढावर चालवायला सांगा आणि शेजारी बसून एकेका बॅटरीचा व्होल्टेज बघा. उभ्या कार्टमध्ये सगळ्या सारख्या दिसतात, आजारी बॅटरी चढावरच उघडी पडते. शेवटी बॅटऱ्यांखालचा ट्रे आणि फ्रेम टॉर्चने तपासा. क्लब कारची फ्रेम ॲल्युमिनियमची असते. ई-झेड-गोची पोलादी फ्रेम सांडलेल्या ॲसिडने गंजू शकते.

पेट्रोलची कार्ट बघायला जाल तर मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. तुम्ही पोचण्याआधी ते गरम झालेलं असेल तर कारण विचारा. थंड असताना किती वेळात सुरू होतं ते बघा. निळसर धूर दिसला तर तेल जळतंय. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. आंबूस, वॉर्निशसारखा वास आला तर पेट्रोल जुनं आहे आणि कार्ब्युरेटर चिकटलेला असणार. ड्राइव्ह बेल्टला भेगा आहेत का, सुटताना क्लच हिसके देतो का, तेही बघा.

पायरी ७: बदल करा, पण बेताने

रानात जायचं म्हटलं की सगळे सहा इंची लिफ्ट किट (कार्ट उंच करणारा संच) आणि मोठे टायर लावतात. त्याने खालची जागा वाढते हे खरं. पण टायर मोठा झाला की चढावरचा जोर घटतो, इलेक्ट्रिकमध्ये ताकदवान कंट्रोलर लागतो आणि पेट्रोलमध्ये क्लचच्या स्प्रिंग बदलाव्या लागतात. शिवाय कार्ट उंच झाली की आडव्या उतारावर कलंडायचा धोका वाढतो. मी असतो तर तीन इंची लिफ्ट, रानात चालणारे खोल नक्षीचे टायर आणि मागे घडी होणारा कार्गो बेड एवढ्यावर थांबलो असतो. बंदुकीसाठी पक्की चौकट आणि पुढे लाल प्रकाशाचा दिवा, एवढं जरूर करा.

पायरी ८: हंगामाआधी रंगीत तालीम

सप्टेंबरच्या आधी एक दिवस सगळं ओझं लादून, दोन माणसं बसवून, सर्वांत लांबची फेरी मारा. इलेक्ट्रिकमध्ये फेरीआधी आणि परत आल्यावर तासाभराने व्होल्टेज लिहून ठेवा. पहिल्या पायरीचा हिशेब खरा ठरतो का ते तिथे कळतं.

नियमांचं पुस्तक दर वर्षी नव्याने वाचा. गाडीतून शिकार करण्यावर बहुतेक राज्यांत बंधनं आहेत, गाडीत भरलेली बंदूक ठेवण्याचे नियमही राज्यागणिक वेगळे. कायदा काहीही म्हणो, कार्ट हलण्याआधी बंदूक रिकामी, हा नियम आपल्या जमिनीवर सगळ्यांना लागू करा, पाहुण्यांनासुद्धा. जॉर्जियात बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी कापड लागतं. कार्टवर बसलात म्हणून त्यातून सुटका नाही. दोन तुकड्यांमध्ये सार्वजनिक रस्ता असेल तर तो कार्टने ओलांडता येतो का, हे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कार्यालयात विचारून घ्या.

पेट्रोलच्या कार्टबाबत आणखी एक. वाळक्या पाइनच्या सुया सायलेन्सरभोवती अडकून तापतात. उंच वाळल्या गवतात गरम कार्ट उभी करू नका, आणि लहान अग्निशामक सीटखाली ठेवा.

पायरी ९: हंगाम संपल्यावर

कार्ट वापरून जितक्या बिघडतात त्याहून जास्त नुसत्या उभ्या राहून बिघडतात. लेड-ॲसिड बॅटरी स्वतःहून रिकामी होत जाते आणि दक्षिणेतल्या उन्हाळ्यात तर भराभर. अगदी खाली गेली की चार्जरला ती ओळखूच येत नाही आणि तो सुरूच होत नाही. म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरा. चार्ज करण्याआधी प्लेट उघड्या पडलेल्या असतील तर त्या झाकण्यापुरतंच घाला, नाहीतर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा शेडची दारं उघडी ठेवा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, डोळ्यांवर गॉगल लावून साफ करा. सीटखालचा स्विच 'रन'वरून (चालवण्याच्या) 'टो'वर (ओढून नेण्याच्या खुणेवर) करून ठेवा. लिथियम असेल तर निम्म्याहून थोडी जास्त भरून, मुख्य स्विच बंद करून ठेवली की झालं.

पेट्रोलवाल्यांनी शेवटच्या फेरीआधी इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरावं. ते अनेक पंपांवर बोटी आणि गवत कापायच्या यंत्रांसाठी मिळतं. त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते पार आतपर्यंत पोचतं. पेट्रोल कार्टलाही १२ व्होल्टची एक बॅटरी असते, आणि ती बसली तर दोरी ओढून सुरू करायची सोय नसते. दहा-वीस वॅटचं छोटं सोलर मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारं छोटं पॅनल) तिला लावून ठेवा. दोन्ही प्रकारांत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सीटखालची घरटी दर खेपेला काढून टाका आणि मक्याच्या गोण्या कार्टजवळ ठेवू नका.

लीज चौघांची असेल तर फेब्रुवारी ते ऑगस्ट या प्रत्येक महिन्यापुढे एकाचं नाव लिहून तो कागद शेडच्या दारावर चिकटवा. ज्याचा महिना त्याने चार्ज, पाणी आणि टायरची हवा बघायची आणि तारीख टाकून सही करायची.